अडीच मीटरच्या आत : हॅरोमधल्या एका लॉग केबिनचं प्रकरण

वायव्य लंडनच्या हॅरो भागात माझ्या मावसबहिणीचं घर आहे. १९३० च्या दशकात मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या आजूबाजूला जी जोडघरं उभी राहिली, त्यांतलंच एक. वरच्या मजल्यावर दोन बऱ्या खोल्या आणि तिसरी इतकी लहान, की पलंग टाकला तर दार पुरतं उघडत नाही. २०२० पासून त्या तिसऱ्या खोलीत दाजींचं ऑफिस होतं. ताईचे सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर यायचे ठरले, की प्रश्न एकच : त्यांनी झोपायचं कुठे आणि दाजींनी बसायचं कुठे? दाजींच्या मीटिंगा, मुलांचा टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या एका हॉलमध्ये नांदणं शक्य नव्हतं. २०२१ च्या उन्हाळ्यात ठरलं, की ऑफिस बागेत न्यायचं, किटमधून उभारायच्या लाकडी केबिनमध्ये.

मी वॉटफर्डला राहतो आणि इमारतींच्या उष्णतेचे हिशेब करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून मला विचारणं झालं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते एका कारणासाठी. केबिन घेताना सगळ्यांची नजर भिंतीच्या लाकडाच्या जाडीवर खिळलेली असते. या केबिनच्या बऱ्या-वाईटात त्या जाडीचा वाटा अगदी किरकोळ निघाला. उंचीचा एक सरकारी आकडा, जोत्याचं माप, छतावरचा फोम आणि नंतर कोणीतरी मारलेले आठ स्क्रू, यांनीच सगळं ठरवलं.

किटमध्ये येतं काय

या केबिनची लाकडं पुष्कळदा एस्टोनिया-लाटव्हियासारख्या बाल्टिक देशांतल्या कारखान्यांतून येतात. थंड हवेत सावकाश वाढलेलं स्प्रूस, म्हणजे देवदारासारख्या सूचिपर्णी झाडाचं लाकूड, भट्टीत वाळवतात, रंधतात आणि प्रत्येक फळीच्या एका कडेला नर, दुसऱ्या कडेला मादी खाच पाडतात. टोकांजवळ आडव्या खाचा असतात. एका भिंतीची फळी दुसऱ्या भिंतीच्या फळीत रुतून बसते आणि दोन्हींची टोकं कोपऱ्याबाहेर वीतभर डोकावतात. भिंतीत खांब नाही, सांगाडा नाही, फळीला फळी जोडणारा खिळा नाही. एकावर एक रचलेली लाकडं स्वतःच्या आणि छपराच्या वजनावर उभी राहतात. पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं.

कारण लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. कोकणात पावसाळ्यात दार फुगून अडकतं आणि दिवाळीनंतर आपसूक सुटतं, हे कोणाला सांगायला नको. लांबीत हा फरक नगण्य असतो, पण रेषांच्या आडव्या दिशेला, ओल एका टक्क्याने बदलली की स्प्रूस साधारण ०.२ टक्के फुगतं किंवा आक्रसतं. लॉग केबिनच्या भिंतीत सगळी लाकडं आडवी, म्हणजे फुगण्याची दिशा नेमकी उंचीची. १३ सेंटीमीटरच्या सोळा फळ्या रचून झालेली दोन मीटरची भिंत हिवाळा आणि उन्हाळा यांच्यात दोन-अडीच सेंटीमीटर वर-खाली होते. विटेच्या भिंतीची सवय असलेल्या माणसाला हे पटत नाही. दाजींनाही पटलं नव्हतं.

आकडा : २.५ मीटर

इंग्लंडमध्ये राहत्या घराच्या बागेत अशी खोली बांधायला बहुतेक वेळा प्लॅनिंगची वेगळी परवानगी लागत नाही. २०१५ च्या जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डरमधल्या, म्हणजे सरसकट मुभा देणाऱ्या आदेशातल्या, ‘क्लास ई’ या वर्गात ती बसते. अटी मात्र काटेकोर आहेत. बांधकाम एकमजली हवं, घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे नको, मूळ घराभोवतालच्या जागेतली निम्म्याहून जास्त जागा बांधकामांनी व्यापलेली नको. वळचणीची उंची २.५ मीटरपर्यंत, दुपाखी छपराची एकूण उंची ४ मीटरपर्यंत. पण केबिनचा कुठलाही भाग हद्दीपासून २ मीटरच्या आत आला, तर एकूण उंची २.५ मीटरच्या वर जाता कामा नये.

घोडं इथेच अडलं. बाग जेमतेम ८ मीटर रुंद. दोन्ही कुंपणांपासून दोन-दोन मीटर सोडले, तर मध्ये चारच मीटर उरतात आणि मागचाही दोन मीटरचा पट्टा फुकट जातो. लंडनच्या बागेत एवढी जागा कोण सोडणार? तेव्हा केबिन कुंपणाजवळ आणि उंची २.५ च्या आत, हे नक्की झालं. कुंपणापासून ६० सेंटीमीटर तरी सोडा, असा माझा आग्रह होता, कारण मागच्या भिंतीला रंगाचा ब्रश न्यायला माणूस मावला पाहिजे. जागा वाचवण्यासाठी कुंपणाला चिकटवलेल्या केबिनांच्या मागच्या भिंती काही वर्षांत कुजलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता ही उंची मोजायची कुठून? केबिनला लागून असलेल्या जमिनीच्या सगळ्यात उंच बिंदूपासून. म्हणजे जोतं जमिनीच्या वर जितकं येईल, तितकं मापात धरायचं. कॅटलॉगात ‘२.५ मीटरच्या आत, परवानगीची गरज नाही’ असं ठळक छापलेल्या एका केबिनची उंची २.४९ मीटर होती. जोतं जमिनीला पूर्ण समपातळीत ओतल्याशिवाय ती कायद्यात बसणं शक्य नव्हतं. आणि जोतं जमिनीच्या पातळीला ठेवलं, की पावसाचं पाणी उडून खालची फळी कायम ओली. विकणाऱ्याने खोटं काही छापलं नव्हतं. फक्त हिशेब गिऱ्हाइकावर सोडला होता.

दुसरा नियम बिल्डिंग रेग्युलेशन्सचा, म्हणजे बांधकाम कसं असावं याच्या नियमांचा. आतलं क्षेत्रफळ १५ चौरस मीटरच्या आत असेल आणि आत झोपण्याची सोय नसेल, तर ते लागू होत नाहीत. १५ ते ३० चौरस मीटरच्या लाकडी केबिनला हद्दीपासून एक मीटरची अट येते. ‘झोपण्याची सोय नसेल’ यावर घरात चर्चा झाली. आई-अण्णांनाच, म्हणजे ताईच्या सासू-सासऱ्यांनाच, तिकडे झोपवावं, घरातलं काही हलवायला नको, असा एक विचार पुढे आला होता. ताईने तो लगेच मोडीत काढला. सत्तरीच्या माणसांनी रात्री दोन वाजता बाथरूमला जायला ओली हिरवळ तुडवायची का, हा तिचा मुद्दा. कायदाही तिच्याच बाजूने होता. झोपायची खोली म्हटली की रेग्युलेशन्सची सूट जाते, आणि राहण्याची जागा म्हटली की ‘क्लास ई’ची. पश्चिम लंडनच्या भागात बागेतल्या शेडमध्ये माणसं राहण्याचा विषय गाजलेला आहे. शेजारच्या स्लाउ गावाच्या कौन्सिलने तर २०१३ मध्ये विमानातून उष्णतेची छायाचित्रं घेऊन अशा शेड शोधल्या होत्या.

४४ की ७०?

बाजारात भिंतीच्या फळ्या १९, २८, ३४, ४४, ५८ आणि ७० मिलिमीटर अशा जाडीच्या मिळतात. २८ पर्यंतचं सामान म्हणजे गवत कापायचं यंत्र आणि सायकली ठेवण्यापुरतं. खिडक्याही त्यात बहुधा एका काचेच्या. बारमाही ऑफिससाठी ४४ आणि त्याच्या वर, हे साधारण मान्य आहे. विक्रेत्याने दाजींना ७० मिमीचा मोह घातला होता : “हिवाळ्यात बसायचं असेल, तर हाच घ्या.”

मी बसून आकडेमोड केली, कारण मला तेवढंच येतं. ४४ मिमी स्प्रूसच्या एक चौरस मीटर भिंतीतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, जवळपास २ वॅट उष्णता निसटते. इथल्या जुन्या घरांच्या नऊ इंची विटेच्या भिंतीतूनही साधारण तेवढीच. ७० मिमीतून १.४ वॅट. या केबिनला दारं-खिडक्या वगळून २५ चौरस मीटर भिंत, म्हणजे जाड लाकडामुळे अंशामागे वाचणार १४ वॅट.

आता छत पाहा. किटमधलं छत म्हणजे १८ मिमीच्या फळ्या आणि वर डांबरी शिंगल. त्यातून चौरस मीटरमागे साडेतीन वॅटहून जास्त उष्णता जाते. फळ्यांच्या वर नुसता ४० मिमीचा पीआयआर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचा, बोर्ड टाकला, की हा आकडा अर्ध्या वॅटच्याही खाली येतो. साडेतेरा चौरस मीटर छतावर वाचतात चाळीसहून जास्त वॅट. म्हणजे जाड भिंतीच्या तिप्पट फायदा, आणि खर्च त्या वाढीव लाकडापेक्षा कितीतरी कमी. बाहेर ४ अंश आणि आत १९ हवं असेल, तर फोम नसताना दोन किलोवॅट लागतात, फोम घातल्यावर सव्वा-दीडमध्ये भागतं. साध्या ऑइल हीटरचं काम.

दाजी म्हणाले, “मग दोन्ही करू.” ताईने पैशाचं विचारलं आणि ७० मिमी गळालं.

पण फोमने उंचीचा प्रश्न पुन्हा उकरून काढला. फोम फळ्यांच्या खाली, आतल्या बाजूने लावता येतो, पण मग फळ्या आणि फोम यांच्यात हवा खेळती ठेवावी लागते. नाही तर आतली वाफ थंड फळ्यांना लागून ओल धरते. शिवाय छताचं सुंदर लाकूड झाकलं जातं. फोम वर टाकला, की लाकूड खोलीच्या उबेत राहतं, कोरडं राहतं, आणि दिसतंही. वर टाकायचा तर उंचीत ४० मिमी फोमचे आणि त्यावरच्या ओएसबीचे (लाकडाच्या चिपळ्या दाबून केलेल्या प्लायचे) ११ मिमी मिळवायचे. म्हणून किट निवडलं ते आढ्यापाशी २.४० मीटर उंचीचं. जोतं जमिनीपासून ४ सेंटीमीटर वर. बेरीज २.४९. एवढं काठाकाठाने जाणं मला व्यवसायात कधी आवडलं नसतं, पण इथे दुसरा मार्ग नव्हता.

उंची कमी म्हणजे छपराचा उतारही कमी. वळचणीपासून आढ्यापर्यंत १.६५ मीटरच्या आडव्या अंतरात चढ फक्त ३० सेंटीमीटर, म्हणजे दहा अंश. किटबरोबर फुकट मिळणाऱ्या डांबरी शिंगलना साधारण पंधरा अंशांचा उतार लागतो. कमी उतारावर वाऱ्याने पाणी त्यांच्याखाली शिरतं. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे, तरी त्याने शिंगल देऊ केल्या होत्या. त्या नाकारून एकसंध ईपीडीएम रबराची चादर मागवली. तिला सांधा नाही, त्यामुळे दहा अंशांची भीती नाही.

जोतं

हॅरोची जमीन बहुतांशी लंडन क्ले. चिकणमातीच ती, उन्हाळ्यात आक्रसते, हिवाळ्यात फुगते. त्यात शेजाऱ्याच्या कुंपणाशी लेलँडीची, म्हणजे सायप्रसच्या जातीची, उंच रांग. ही झाडं जमिनीतलं पाणी भसाभस ओढतात. अशा ठिकाणी जमिनीत पिळून बसवायचे लोखंडी स्क्रू-पाइल मला आवडले असते, कारण नंतर पातळी हलली तर ते फिरवून सुधारता येते. पण त्यांच्यावर केबिन जमिनीपासून बरीच वर उचलली जाते, आणि आपल्याकडे शिल्लक होता एक सेंटीमीटर. म्हणून काँक्रीटचा सलग पाटा : खाली १०० मिमी खडी-विटांचं ठोकून बसवलेलं सोलिंग, त्यावर वाळूचा थर, जाड प्लॅस्टिकचा कागद, मग जाळी घातलेलं १०० मिमी काँक्रीट. जमीन थोडी हललीच, तर हा पाटा तुकड्यातुकड्याने न खचता एकसंध हलेल, हा विचार.

पाट्याचं माप हा या धंद्यातला हमखास घोटाळा. किटवर लिहिलेलं असतं ‘४.५ × ३.५’. ते माप कोपऱ्याबाहेर डोकावणाऱ्या टोकांपासून टोकांपर्यंतचं. भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून अंगापर्यंत भरतात ४.३ आणि ३.३. पाटा या दुसऱ्या मापाचा हवा, तसूभरही जास्त नको. मोठा झाला, तर भिंतीबाहेर उरलेल्या काँक्रीटच्या ओट्यावर पाऊस आपटतो, उडतो, आणि भिंतीखाली सरकतो. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी ताई टेप घेऊन साच्याच्या फळ्या मोजायला गेली, तर ठेकेदाराने ४.५ बाय ३.५ मारून ठेवलेलं. “ओटा थोडा मोठा असला तर बरा दिसतो,” हे त्याचं उत्तर. ताईने उभं राहून साचा आत घ्यायला लावला. माझ्या मते या सबंध प्रकरणात सगळ्यात जास्त किमतीचं काम तेच.

काँक्रीट दीड घनमीटरच्या आत, पण घराच्या बाजूची बोळ ९० सेंटीमीटरची. रस्त्यावर उभ्या ट्रकपासून मागच्या बागेपर्यंत पंचवीस-तीस ढकलगाड्या गेल्या. जुळणी सुरू करण्याआधी पाट्याला पुरेसे दिवस दिले. पातळी तपासली, तेव्हा एका कोपऱ्यात ४ मिमीचा उतार निघाला. तेवढा खालच्या तुळयांखाली पॅकिंग देऊन भरून काढता येतो. सेंटीमीटरभर असता, तर पाचव्या-सहाव्या फळीपासून खाचा बसेनाशा झाल्या असत्या.

जुळणी

सप्टेंबरच्या अखेरीस किट आलं. साधारण एक टनाचा, साडेचार मीटर लांब गठ्ठा ट्रकला टांगलेल्या फोर्कलिफ्टने फुटपाथच्या कडेला उतरवला आणि ड्रायव्हर निघून गेला. किट घेणाऱ्यांना हे आधी कोणी सांगत नाही : बागेत पोचवणं विक्रेत्याच्या करारात नसतं. गठ्ठा रस्त्यातच फोडून एकेक फळी बोळातून आत न्यायची. आत नेताना फळ्या यादीशी ताडून, भिंतीप्रमाणे चार ढीग लावायचे, जमिनीला न टेकवता, वर ताडपत्री. उघड्यावर उन्हात दोन-चार दिवस मोकळ्या पडल्या, की फळ्या पिळतात. पिळलेली फळी खाचेत बसवायला शिकंजे लावून दोन माणसांना घाम गाळावा लागतो. लाकडात ओल मोजायचं छोटं यंत्र दाजींनी हौसेने घेतलं होतं. त्या दिवशी ते १५ टक्के दाखवत होतं. हा आकडा पुढे कामी आला.

पाट्यावर ओल रोखणारी प्लॅस्टिकची डीपीसी पट्टी, तिच्यावर दाबाखाली औषध पाजलेल्या तुळया, आणि त्यांवर पहिला थर. समोरच्या आणि मागच्या बाजूला पहिली फळी अर्ध्या उंचीची येते, बाजूंना पूर्ण, म्हणजे पुढच्या थरांना कोपऱ्यात एकमेकांत रुतता येतं. हा पहिला थर काटकोनात नसला, तर पुढचं सगळं वाकडं. त्यासाठी गुण्या पुरत नाही, कर्ण मोजावे लागतात. ४.३ आणि ३.३ चा कर्ण ५.४२ मीटर यायला हवा. पहिल्यांदा दोन कर्णांत ११ मिमीचा फरक होता. एका कोपऱ्याला हलकेच ठोकत ठोकत तो २ मिमीवर आणला. त्यानंतर मात्र भिंती भराभर वर गेल्या. नर बाजू नेहमी वर, मादी खाली, म्हणजे खाचेत पाणी साठत नाही. हातोडा फळीवर थेट मारायचा नाही. खाच पाडलेला लाकडी ठोकळा वर ठेवून त्यावर मारायचा, नाही तर नराची कड चेचते आणि वरची फळी बसत नाही.

दाराची चौकट वरून सरकवून भिंतीत बसवतात, तिच्या कडांच्या खोबणीत फळ्यांची टोकं शिरतात. चौकट भिंतीला स्क्रूने जोडायची नसते. वरच्या बाजूला चौकट आणि फळी यांच्यात २५ मिमीची फट सोडलेली होती. दाजी हबकले, त्यांना वाटलं कारखान्याने फळी कमी कापली. ती फट मुद्दाम असते. भिंत आक्रसून खाली येईल, तेव्हा तिचं वजन चौकटीवर न येता फटीत सामावलं पाहिजे. बाहेरून पट्टी मारली, की फट झाकली जाते. पट्टी मात्र चौकटीला किंवा भिंतीला, दोहोंपैकी एकालाच ठोकायची.

छताच्या फळ्या एकमेकींत घट्ट ठोकून बसवण्याचा मोह होतो. त्यांच्यातही मिलिमीटरभर जागा ठेवली. नाही तर चाळीसेक फळ्या हिवाळ्यात फुगून छत उचलतात. फोम, ओएसबी आणि रबर कोरड्या दिवसाची वाट पाहून टाकलं. आत चिलखती केबल आणि स्वतंत्र फ्यूजबॉक्स नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून. त्यात गंमत करायची नसते, इथे ते काम कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. बाहेरून-आतून बुरशीनाशक आणि त्यावर दोन हात स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग. फळ्यांची उघडी टोकं स्पंजासारखी स्टेन पितात, तिथे चार हात दिले.

एकच गोष्ट राहिली. किटच्या पत्रकात ‘रंग जुळणीनंतर’ असं लिहिलं होतं, म्हणून फळ्यांच्या नर-कडांना रंग लागला नाही.

कपाट

कोपऱ्यांपाशी आतून उभ्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. वादळात छप्पर उचलू नये म्हणून त्या वरच्या फळीला खालच्या फळीशी बांधतात. या पट्ट्यांना लांबट भोकं असतात, स्क्रू त्यांत वर-खाली सरकतो, म्हणजे भिंत फुगली-आक्रसली तरी पट्टी आड येत नाही. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळ आलं, लंडनच्या ओ-टू सभागृहाचं कापडी छत त्या दिवशी फाटलं. केबिनला काहीही झालं नाही. दाजींचा विश्वास बसला आणि त्याच महिन्यात त्यांनी आत फायलींसाठी लांब फळ्यांचं उघडं कपाट करून घेतलं.

काम करायला आलेल्या माणसाने भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या पाहिल्या आणि तशाच दोन लोखंडी पट्ट्या, प्रत्येकी १.८ मीटरच्या, भिंतीच्या मधल्या भागावर मारल्या. लांबट भोकं त्याच्या नजरेत आली नाहीत. प्रत्येक पट्टीला चार स्क्रू, गोल भोकांतून, करकचून. तेव्हा भिंत हिवाळ्याची ओल पिऊन पुरती फुगलेली होती, दाजींच्या यंत्रावर १८ टक्के. दारावरची फट २५ वरून ३६ मिमी झाली होती.

मे महिन्यात आई-अण्णा आले. जुलै कोरडा ठणठणीत गेला. १९ तारखेला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, ब्रिटनमधला आजवरचा उच्चांक. पुढच्या आठवड्यात दाजींचा फोन : “भिंत फाटतेय.” जाऊन पाहिलं. कपाटामागे, तीन ठिकाणी, अक्रोडी रंगाच्या दोन फळ्यांमध्ये सहा-सात मिलिमीटर रुंदीची पांढरी आडवी रेघ, फूटरूलने आखल्यासारखी सरळ. ती फट नव्हती. आतल्या खाचेतून बाहेर सरकलेली, कधीच रंग न लागलेली नर-कड होती. कोपऱ्यांकडे जावं, तशी रेघ बारीक होत नाहीशी होत होती. यंत्र ११ टक्के दाखवत होतं. दारावरची फट १२ मिमीवर आली होती, म्हणजे दाराकडची भिंत निमूटपणे दोन सेंटीमीटरहून जास्त खाली बसली होती. कपाटाकडची भिंत मात्र आठ स्क्रूंना टांगलेली. खालच्या फळ्या आक्रसून खाली जाणार, स्क्रूमधल्या वर लटकणार, आणि दोन स्क्रूंमधल्या पन्नास-पंचावन्न सेंटीमीटरचं सगळं आक्रसणं एकाच सांध्यात गोळा होणार.

घरात सिलिकॉनच्या नळ्या येऊन पडलेल्या होत्या. अण्णा बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा सल्ला सरळ होता, “भेग हाय, भरून टाका, उगं पाणी शिरंल.” आयुष्यभर सिमेंट पाहिलेल्या माणसाचं हे म्हणणं चूक म्हणता येत नाही, विटेच्या भिंतीत मीही तेच केलं असतं. मी त्यांना दारावरची फट आणि तिची तीन मापं दाखवली. उन्हाळ्यात भरलेलं सिलिकॉन हिवाळ्यात फळ्या फुगल्यावर दाबलं जाणार आणि वरची फळी सांध्यावर नीट बसूच देणार नाही, हेही सांगितलं. अण्णा काही वेळ दारापाशी उभे राहिले. मग पान्हा मागून त्यांनी स्वतःच कपाटावरच्या फायली उतरवायला घेतल्या.

स्क्रू वरून खाली, एकेक करत ढिले केले. चौथ्या स्क्रूला भिंत ‘कट्’ करून बसली, दुसऱ्या पट्टीला पुन्हा. दोन रेघा तिथल्या तिथे मिटल्या. तिसऱ्या रेघेवरची फळी थोडी पिळलेली होती, ती ठोकळा ठेवून वरून बसवावी लागली. लोखंडी पट्ट्यांना वरच्या टोकाला एकेक गोल भोक ठेवलं, बाकीची तीन-तीन भोकं कानशीने २५ मिमी लांब केली. स्क्रू वॉशर घालून भोकाच्या वरच्या टोकाच्या थोडं खाली बसवले, नुसते टेकतील इतके. मोजून पाहिलं तर पट्टीच्या खालच्या टोकाला भिंत वर-खाली व्हायला दोन्हीकडे पुरेशी जागा राहत होती. इलेक्ट्रिशियनने उभी नेलेली वायरीची नळीही त्याच दिवशी सोडवून, मध्ये सरकता सांधा घालून पुन्हा बसवली. तिने अजून काही बिघडवलं नव्हतं, पण पुढचा क्रमांक तिचाच होता.

नंतर

फेब्रुवारी २०२३ मध्ये फटीचं माप पुन्हा ३४ मिमी, कपाटामागे सगळे सांधे मिटलेले. तेव्हापासून दाजी दाराच्या आतल्या पट्टीमागे पेन्सिलीने तारीख घालून माप लिहितात. नर-कडांचा रंग आता राहिला तो राहिलाच. पुढच्या उन्हाळ्यात सांधे जिथे जास्तीत जास्त उघडतात, तिथे बारीक ब्रशने जमेल तितका दिला, म्हणजे मिलिमीटर-दोन मिलिमीटर हललं तरी पांढरी रेघ दिसत नाही.

हिवाळ्यातला हीटर अंदाजाप्रमाणे चालतो. सकाळी पहिला अर्धा तास पूर्ण ताकदीने, मग थर्मोस्टॅटवर थांबत थांबत. जमीन मात्र पायाला थंड लागते. जमिनीखाली तुळयांमध्ये ५० मिमीचा फोम आहे आणि हिशेबात तेवढा पुरेसा आहे, पण दाराखालून वारा येतो. तिथे ब्रशची पट्टी लावायची आहे. बाहेरच्या स्टेनला दक्षिणेकडच्या भिंतीवर तिसऱ्या वर्षीच दुसरा हात लागला, बाकीच्या तीन भिंती अजून ठीक आहेत. घर पुढेमागे विकायचं झालं तर विचारणा होईल, म्हणून ताईने कौन्सिलकडे कायदेशीरपणाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचं ठरवलंय. त्यासाठी लागणारा उंचीचा नकाशा मी काढून दिला आहे, जोत्याच्या शेजारच्या सगळ्यात उंच जमिनीपासून आढ्यापर्यंत, २.४९ मीटर.